झायरीका : चार सीडी, चार प्लेअर आणि सांगलीतला एक हॉल

फ्लेमिंग लिप्स या अमेरिकन बँडचा ‘झायरीका’ विकत घेण्याआधी दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, या संचात चार सीडी असल्या तरी हे चार अल्बम नाहीत. हा एकच अल्बम आहे, पाऊण तासाचा, आठ गाण्यांचा, आणि तो चार सीडींवर वाटून टाकलेला आहे. चारही सीडी चार वेगळ्या प्लेअरवर एकाच वेळी चालू करायच्या, म्हणजे गाणं पूर्ण होतं. दुसरी, या चार सीडी शेवटपर्यंत एकमेकींच्या पावलावर पाऊल ठेवून चालत नाहीत. चालणारच नाहीत, आणि ते सीडींचंही चुकत नाही, प्लेअरचंही नाही. हे पटत असेल तर संच जरूर घ्या. पटत नसेल तर याच बँडचा १९९९ चा ‘द सॉफ्ट बुलेटिन’ घ्या. तो एका सीडीत मावतो आणि कुणाच्याही घरी वाजतो.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. सायकेडेलिक पॉपमध्ये, म्हणजे स्वप्नात किंवा नशेत ऐकल्यासारख्या आवाजांच्या पॉपमध्ये, विचित्र आवाज काढणारे बँड पोत्यानं सापडतील, पण ऐकणाऱ्याला कामाला लावणारा अल्बम हा एकच. आणि सांगली-मिरजेच्या माणसाला तो मुंबईकरापेक्षा जास्त झेपेल. का, ते पुढे येईलच.

आधी बँडबद्दल थोडं, कारण ही चार सीडींची कल्पना आकाशातून पडलेली नाही. फ्लेमिंग लिप्स १९८३ सालचे, ओक्लाहोमा राज्यातले. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस या संगीताच्या पेठांपासून लांब. वेन कॉइन गिटारवर, त्याचा भाऊ मार्क गायला, मायकेल आयव्हिन्स बेसवर. १९८४ मध्ये पहिली छोटी रेकॉर्ड पदरमोड करून काढली. त्यानंतर मार्क बाहेर पडला आणि गायची जबाबदारी वेनवर आली. वेनचा गळा तयारीचा नाही. वरच्या पट्टीत तो चिरकतो आणि सूर कधीकधी काठावरून जातो. पण पुढे याच गळ्यानं बँडला चेहरा दिला. ऐंशीच्या दशकातले त्यांचे अल्बम कच्चे आणि गोंगाटी आहेत. संग्रहासाठी ठीक, पुन्हा पुन्हा ऐकण्यासाठी नाहीत.

खरा बदल १९९० च्या ‘इन अ प्रीस्ट ड्रिव्हन अँब्युलन्स’पासून दिसतो, कारण तिथे डेव्ह फ्रिडमन हा ध्वनिमुद्रणातला माणूस त्यांच्याबरोबर आला. मग वॉर्नर ब्रदर्ससारखी मोठी कंपनी मिळाली, स्टीव्हन ड्रोझ्ड ड्रमवर आणि रोनाल्ड जोन्स गिटारवर आले. १९९३ च्या ‘ट्रान्समिशन्स फ्रॉम द सॅटेलाइट हार्ट’मधलं ‘शी डोन्ट यूज जेली’ रेडिओवर चाललं. १९९५ चा ‘क्लाउड्स टेस्ट मेटॅलिक’ त्याहून चांगला होता, पण तो तेवढा खपला नाही. १९९६ मध्ये जोन्सनं बँड सोडला. एरवी अशा वेळी बँड दुसरा गिटारवादक शोधतो. इथे उरलेल्या तिघांनी, म्हणजे कॉइन, आयव्हिन्स आणि ड्रोझ्ड यांनी, गिटारचा बँड ही चौकटच बाजूला ठेवली.

त्याच सुमारास कॉइननं गाड्यांचा प्रयोग सुरू केला. पार्किंगमध्ये तीसेक गाड्या गोळा करायच्या, प्रत्येक गाडीत एक वेगळी कॅसेट द्यायची, आणि इशारा झाला की सगळ्यांनी एकदम टेप चालू करून आवाज मोठा करायचा. एका गाडीतून नुसता सूर, दुसरीतून ताल, तिसरीतून किंकाळी. पुढे गाड्यांच्या जागी साधे टेपरेकॉर्डर आले. मंचावर चाळीसेक माणसं मांडीवर टेप घेऊन बसायची आणि कॉइन हातवारे करून कुणाचा आवाज चढवायचा, कुणाचा उतरवायचा. हा खेळ घरी कसा नेता येईल, याचं उत्तर म्हणजे २८ ऑक्टोबर १९९७ ला आलेला झायरीका. चाळीस यंत्रं कुणाच्या घरी असणार? चार मात्र जमू शकतात.

आता मूळ मुद्दा. चार प्लेअर एकदम सोडले तरी ते सरकतात, ते का?

सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० तुकड्यांत साठवलेला असतो. ते तुकडे किती वेगानं वाचायचे हे प्लेअरमधला क्वार्ट्झचा क्रिस्टल ठरवतो. घरगुती प्लेअरमधला क्रिस्टल दहा लाखांत पन्नास-शंभर भाग इकडेतिकडे असू शकतो. एरवी हे कुणाच्या बापाला कळत नाही. पण दोन प्लेअरमध्ये दहा लाखांत शंभरचा फरक असेल तर सेकंदाला ०.१ मिलिसेकंद, मिनिटाला ६ मिलिसेकंद, आणि सात मिनिटांच्या गाण्यात ४२ मिलिसेकंद असं अंतर पडत जातं. पाऊण तास मध्ये न थांबता वाजवलं तर पाव सेकंदाच्या वर.

कानाच्या बाजूनं पाहिलं तर तीसेक मिलिसेकंदांपर्यंत ड्रमची थाप एकच वाटते, फक्त जरा जाड. पन्नासच्या पुढे एका थापेच्या दोन होतात. आणि अगदी कमी अंतर असेल, एक ते दहा मिलिसेकंद, तर आवाज पोकळ होऊन नळीतून फिरल्यासारखा येतो. हा पोकळ, फिरता आवाज म्हणजे सायकेडेलिक पॉपची जुनी ओळख. १९६६ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड यांनी गाणाऱ्याचा आवाज आपोआप दुहेरी करण्याची युक्ती काढली, ती दोन टेपमशीनमधल्या अशाच किंचित अंतरावर उभी होती. स्टुडिओत जे मुद्दाम घडवावं लागायचं ते झायरीका तुमच्या हॉलमध्ये फुकटात करतो. अट एवढीच की ते बिघाड म्हणून नाही, वाद्य म्हणून ऐकायचं.

मिरजेच्या कानांचा फायदा इथे होतो. सतारमेकर गल्लीत तंबोरा लावताना ज्यानं लक्ष देऊन ऐकलंय त्याला माहीत असतं, की जोडाच्या दोन तारांत केसभर फरक असला की आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. सेकंदाला अर्ध्या कंपनाचा फरक असेल तर दर दोन सेकंदाला एक लाट. लावणारा ती लाट ऐकत ऐकतच खुंटी, मग मणी फिरवतो आणि लाट संथ करत नेतो. झायरीकात हेच उलट्या दिशेनं घडतं. दोन सीडींवर एकच लांब सूर असेल, समजा सेकंदाला ४४० कंपनांचा, आणि प्लेअरमध्ये दहा लाखांत शंभरचा फरक असेल, तर साधारण दर तेवीस सेकंदाला एक लाट येते. इतकी संथ लाट रेडिओवर वाढलेला कान सोडून देतो. तंबोऱ्याजवळ बसलेला कान तिला लगेच पकडतो. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, त्याच्या पेढे-हारांत हे कानांचं मानांकन राहूनच गेलं.)

बरं, आता कामाचं.

चार प्लेअर कुठून आणायचे? सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जुने डीव्हीडी प्लेअर. एकेकाळी घरोघरी होते, आज माळ्यावर नाहीतर दुरुस्तीच्या दुकानात धूळ खात पडलेत. शक्यतो एकाच कंपनीचं एकच मॉडेल चार नग मिळवा. कारण मग एका रिमोटनं चारही चालतात. मधोमध उभं राहून रिमोट छताकडे धरा; पांढऱ्या छतावरून किरण परततो आणि चारही कोपऱ्यांत पोचतो. रंगवलेल्या, काळपट छताखाली हे जमत नाही, मग चार हात लागतात.

घेताना तीन गोष्टी तपासा. ट्रे उघडताना अडखळत असेल तर आतला रबरी पट्टा कडक झालाय. तो किरकोळ पैशात बदलून मिळतो, तेवढ्यासाठी प्लेअर सोडू नका. सीडी टाकल्यावर नुसतीच घरघर फिरून ‘नो डिस्क’ आलं तर आधी लेन्स पुसा. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, अलगद, दाब न देता. उसाच्या हंगामात कारखान्याची काजळी ज्या भागात उडते तिथल्या जुन्या प्लेअरना हा रोग हमखास असतो. पुसूनही वाचत नसेल तर लेझर गेला, तो नग परत द्या. आणि तिसरं, पॉज दाबून पाच मिनिटं तसाच ठेवून बघा. काही मॉडेल पॉजवर थोडा वेळ राहिली की स्वतःच थांबतात, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

ब्लूटूथ स्पीकर वापरू नका. प्लेअरमधून निघालेला आवाज ब्लूटूथवरून स्पीकरपर्यंत यायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात, आणि प्रत्येक स्पीकरचा उशीर वेगळा. वर जो सगळा हिशोब केला तो पहिल्याच सेकंदाला बुडाला. तसंच प्लेअर टीव्हीला जोडून टीव्हीच्या स्पीकरवर ऐकू नका. टीव्हीही आवाज अडवून ठेवतो. लाल-पांढरी वायर प्लेअरमधून थेट अ‍ॅम्प्लिफायरला किंवा कॉम्प्युटरच्या टू पॉइंट वन स्पीकरला.

चार जोड्या स्पीकर एकसारखे नसले तरी चालतं, आवाजाची पातळी मात्र एकसारखी हवी. त्यासाठी झायरीकाची सीडी वापरू नका, कारण चारही सीडींवर वेगवेगळा मजकूर आहे आणि एकीवर शांतता असताना दुसरीवर गोंधळ असतो. कुठलीही एक साधी सीडी घ्या, एकेका प्लेअरवर तोच तुकडा वाजवा, हॉलच्या मधोमध फोनवरचं आवाज मोजण्याचं अ‍ॅप धरा आणि प्रत्येक संच ७५ डेसिबलवर आणा. चारही एकत्र वाजले की साधारण सहा डेसिबल वाढतात, म्हणजे ८१ च्या आसपास. एवढं पुरे. मंडपवाल्याकडून डॉल्बी मागवायचा विचार डोक्यात आला असेल तर तो काढून टाका. मोठ्या बेसमध्ये चार बाजू विरघळून जातात, आणि चार बाजू नसतील तर हा अल्बम घेतलाच कशाला? शिवाय रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी. खिडक्या लावून, दुपारी ऐका.

खोली बारा बाय पंधरा फुटांची असली तरी चालते. स्पीकर चार कोपऱ्यांत, तोंडं मधोमध, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. अगदी कोपऱ्यात चिकटवू नका, भिंतीपासून दीड फूट पुढे ओढा, नाहीतर खालचे सूर घुमतात. फ्लॅटमधला हॉल म्हणजे फरशी आणि सिमेंटच्या उघड्या भिंती. टाळी वाजवून बघा. मागून ‘टर्रर्र’ असा आवाज आला तर सतरंजी अंथरा, गाद्या भिंतीला टेकवा, पडदे ओढा. जुन्या वाड्याचा सोपा मिळाला तर सोन्याहून पिवळं. लाकडी तुळया आणि मातीच्या भिंती हे काम आधीच करून ठेवतात. आवाज एक फूट जायला जवळपास एक मिलिसेकंद घेतो. म्हणजे पंधरा फुटांच्या हॉलमध्ये तुम्ही एका कोपऱ्याकडे सरकलात तरी दहा-बारा मिलिसेकंदांचा फरक तुम्ही स्वतःच पाडता. म्हणून एकाच जागी बसू नका. गाणं चालू असताना फिरा. दर दोन पावलांना मिक्सिंग बदलतं.

लाइटचं काय? ती जाणारच, असं धरून चला. लाइट गेली की डीव्हीडी प्लेअर बंद होतात आणि परत आली की चारही वेगवेगळ्या वेळेत जागे होतात. इन्व्हर्टर असला तरी बदलाच्या क्षणी काही प्लेअर पडतात, आणि साध्या इन्व्हर्टरवर स्वस्त स्पीकर घुरघुरतात ते वेगळंच. उपाय स्वस्तातला आहे. कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या आणि त्यावर फक्त चार प्लेअर ठेवा. एक प्लेअर दहा-पंधरा वॉट खातो, चार मिळून साठच्या आत. स्पीकर मेनवरच राहू द्या. लाइट गेली तर स्पीकर गप्प होतील, पण सीडी आत फिरत राहतील आणि लाइट आल्यावर गाणं असायला हवं तिथूनच पुढे येईल.

चारही संच एकमेकांना जोडू नका. एकाच मिक्सरमध्ये घातले की अर्थिंगच्या वाटेनं हुंकार शिरतो. सुटे ठेवले तर हा त्रास मुळातच नाही.

आता बटन. प्रत्येक प्लेअरवर सीडी टाकून पहिला ट्रॅक सुरू करायचा, लगेच पॉज, मग मागे जाण्याचं बटन दाबून आकडा ००:०० वर आणायचा. काही प्लेअर मागे गेले की आपोआप वाजायला लागतात, त्यांना परत पॉज. कुठला प्लेअर काय करतो हे माणसांना बोलावण्याआधी बघून ठेवा. थांबलेल्या प्लेअरला प्ले दाबलं तर मोटर फिरून, सीडीची यादी वाचून आवाज यायला पाच-दहा सेकंद लागतात आणि चौघांचे सेकंद वेगळे असतात. पॉजवरून सोडलं तर सीडी आधीच फिरत असते, लेझर जागेवर असतो, आवाज जवळजवळ लगेच येतो.

चार माणसं असतील तर ‘एक, दोन, तीन’ म्हणू नका. कुणी तीनवर दाबतं, कुणी तीननंतर. तिहाई म्हणा, म्हणजे एकच बोल तीनदा, शेवट बरोबर समेवर. ‘तिरकिट धा, तिरकिट धा, तिरकिट’ आणि शेवटच्या ‘धा’वर बोट. सम कुठे येणार हे अंगात असलेली माणसं तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत एकत्र उतरतात, आणि एवढं या अल्बमला भरपूर झालं. तबल्याशी संबंध नसलेला चौथा गडी असेल तर त्याच्याऐवजी एकांकिकांना म्युझिक ऑपरेट केलेलं कुणीतरी बघा. सांगलीत असली माणसं हाकेच्या अंतरावर असतात, आणि क्यूवर बोट टाकणं हे त्यांचं हाडाचं काम.

प्रत्येक गाण्यानंतर हे सगळं पुन्हा. कंटाळा केला तर काय होतं ते वरच्या हिशोबात आलंय. ज्या जुन्या डेकला ऑटो पॉज आहे तो ट्रॅक संपला की स्वतः थांबतो. असे डेक मिळाले तर निम्मं काम वाचलं. एखादी सीडी मध्येच उडाली तर बाकीच्या तिघांनी थांबू नये. तो प्लेअर पुढच्या ट्रॅकच्या सुरुवातीला नेऊन ठेवायचा आणि तेवढं गाणं तीन सीडींवर ऐकायचं. चार सीडींतून एकट्या, जोड्या, तिघी आणि चौघी मिळून पंधरा प्रकार निघतात, आणि तीन सीडींवरचं गाणं हाही त्यातलाच एक प्रकार. नवख्यांनी खरं तर दोन सीडींपासूनच सुरुवात करावी. जोड्या सहा होतात आणि त्या सगळ्या सारख्या नाहीत.

गाण्यांविषयी. पहिलं तीन मिनिटांच्या आतलं आहे, ते जुळवाजुळवीसाठी समजा. दुसरं, ‘रायडिंग टू वर्क इन द इयर २०२५’, सात मिनिटांचं, आणि संचाची किंमत इथेच वसूल होते. वाद्यमेळाचा लोंढा चारही भिंतींतून एकदम येतो, आणि सीडी थोड्या सरकलेल्या असतील तर तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात वाहत गेल्यासारखा वाटतो. चौथं, ‘अ मशीन इन इंडिया’, दहा मिनिटांहून थोडं मोठं, म्हणून इथे सरकणं सर्वात जास्त ऐकू येतं. त्याच्या आधी जुळवणी नीट करा. सातवं ‘मार्च ऑफ द रॉटन व्हेजिटेबल्स’ हे ड्रोझ्डच्या ड्रमचं. ड्रम असल्यामुळे लबाडी लपत नाही. चाळीस-पन्नास मिलिसेकंदांनी चुकलं की लेझीमच्या पथकात एकजण मागे पडल्यासारखं होतं. दोनदा चुकलं तरी तिसऱ्यांदा लावा, सोडून देऊ नका.

सहावं गाणं जपून. अडीच मिनिटांच्या आतच संपतं, पण त्यात अतिशय वरचे आणि अतिशय खालचे सूर मुद्दाम घातलेत. अशा आवाजांनी क्वचित ऐकणाऱ्याला गरगरू शकतं, अशी सूचना खुद्द संचावरच आहे. लहान मुलं बाहेर, आवाज एक पायरी खाली, आणि गाडी चालवताना हा अल्बम अजिबात नाही. छोट्या स्पीकरला खालचे सूर झेपतच नाहीत, त्यामुळे फक्त वरची शीळ कानात घुसते. ते काही सुखाचं नाही.

आठव्या गाण्यात कॉइन कुत्र्यांची एक गोष्ट सांगतो आणि शेवटी चहूबाजूंनी कुत्री भुंकतात. गल्लीतली कुत्री याला उत्तर देतात, हे गृहीत धरा.

कॉम्प्युटरवर जमतं का? जमतं. सेव्हन पॉइंट वनचं यूएसबी साउंड कार्ड घ्या. त्याला आठ आउटपुट असतात, म्हणजे चार स्टिरिओ जोड्या. चारही सीडींचे ट्रॅक उतरवून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवा आणि आठ चॅनेलची एकच वेव्ह फाइल काढा. घोटाळा होतो तो तिसऱ्या-चौथ्या चॅनेलवर. कार्ड त्यांना मधला स्पीकर आणि सबवूफर समजतं. विंडोजमध्ये सगळे स्पीकर ‘फुल रेंज’ करा आणि बेसची फेरवाटणी बंद करा, नाहीतर दुसऱ्या सीडीचा उजवा भाग नुसता गुरगुरत राहील. सगळं नीट केलं तर चारही सीडी सुईच्या टोकावर चालतात. गाणी कशी रचलीत ते तपासायला हे उत्तम. पण सरकणं, लाट, पोकळी सगळं गेलं, उरलं ते एक मोठं स्टिरिओ. आमच्या लेखी हा झायरीकाचा एक्स-रे आहे, झायरीका नाही.

मूळ सीडी जपायच्या म्हणून स्वतःच्या वापरापुरत्या प्रती काढत असाल तर चारही एकाच पद्धतीनं, एकाच वेगानं, आठ किंवा सोळा पटीवर, ‘डिस्क अ‍ॅट वन्स’ (सगळी सीडी एका दमात लिहिण्याची पद्धत) ठेवून काढा. एका सीडीत ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची रिकामी जागा आणि दुसरीत नाही, असं झालं की सगळी तिहाई पाण्यात. फार जुने डेक घरी काढलेल्या सीडी वाचत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

चार एलपींचा, म्हणजे सुईनं वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्डचा, संच २०१३ मध्ये निघाला. तो ऐकण्यासाठी घेऊ नका. साध्या टर्नटेबलचा वेग एक टक्क्यानं इकडेतिकडे असणं नेहमीचं, म्हणजे मिनिटाला सहा दशांश सेकंद. एकट्या दुसऱ्या गाण्यातच दोन रेकॉर्डमध्ये चार सेकंदांचं अंतर! स्ट्रोबवर, म्हणजे वेग तपासायच्या लुकलुकत्या दिव्यावर, वेग बारकाईनं लावला तरी सीडीच्या तुलनेत ते कितीतरी ढिलं राहतं, आणि चार सुया एकदम खोबणीत सोडणं हे माणसाचं काम नाही. भिंतीवर लावायला देखणा आहे, बस.

यानंतर बँड मोठा झाला. झायरीकाच्याच काळात मुद्रित होत गेलेल्या गाण्यांतून ‘द सॉफ्ट बुलेटिन’ आला, २००२ मध्ये ‘योशिमी बॅटल्स द पिंक रोबोट्स’, मग तीन ग्रॅमी. २००९ मध्ये त्यांचं ‘डू यू रियलाइज’ ओक्लाहोमाचं अधिकृत रॉक गाणं ठरलं, आणि त्याच वर्षी ‘एम्ब्रियॉनिक’ हा अंधारा, खरखरीत, आमच्या मते झायरीकानंतरचा त्यांचा सर्वात धाडसी अल्बम आला. २०११ मध्ये तर खेळणीच खेळणी. खाण्याच्या चिकट गोळीच्या कवटीत पेन ड्राइव्ह, सहा तासांचं एक गाणं, चोवीस तासांचं दुसरं, आणि ते खऱ्या मानवी कवटीत घालून तेरा नग, पाच हजार डॉलरला एक. याच वर्षी एक गाणं बारा तुकड्यांत यूट्यूबवर टाकलं, बारा फोनवर एकदम लावण्यासाठी. आज त्याच्या मध्येच जाहिरात आली की खेळ खलास. कवटीत घातलं काय नि डब्यात घातलं काय, गाण्याला फरक पडत नाही. झायरीकात पडतो, कारण तिथे वाटणी हीच रचना आहे. २०२१ च्या जानेवारीत कोविडमुळे प्रेक्षकांना मोठ्या फुग्यांत बसवून केलेले कार्यक्रम मात्र या जुन्या वेडाशी प्रामाणिक होते.

वापरलेला संच परदेशातून मागवणार असाल तर टपालखर्च आणि कस्टम धरूनच हिशोब करा, आणि पैसे भरण्याआधी चारही सीडींचे सुटे फोटो मागा, क्रमांक दिसतील असे. बाहेरून पेटी धड दिसते आणि आत एखादा क्रमांक दोनदा किंवा एखादी सीडी गायब, हा वापरलेल्या मालातला नेहमीचा प्रकार. तीनच सीडी असतील तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.